ढकलायची जागा

मार्कंडेय नदीचा पूल ओलांडून हिंडलग्याकडं वर यायला लागलं की वाटेत एक जागा आहे, तिथं आमचे आप्पा सायकलवरनं खाली उतरायचे. रोज, न चुकता, तिथंच. आमचं मूळ घर सुळग्याचं, आणि आप्पा पहाटे बेळगावला कॅम्पात दूध घालायला जायचे, काळी बावीस इंची सायकल, मागच्या कॅरिअरच्या दोन बाजूंना वीस-वीस लिटरचे दोन कॅन, म्हणजे चाळीस किलो तर नुसतं दूधच. शाळेला सुटी असली की मीपण पुढच्या दांड्यावर बसून जायचो. ती जागा आली की आप्पा म्हणायचे "उतर बाळा", मग ते हँडल धरून चालायचे आणि मी मागनं कॅरिअरला दोन्ही हात लावून ढकलायचो. चढ संपला की ते मागं न बघताच म्हणायचे, "बास, आता सोड."

आता मी पन्नाशीजवळ आलोय, घर हिंडलग्यात, आणि काम शिनोळीला एका मशीन शॉपमध्ये. एका बाजूनं साधारण बारा किलोमीटर. जाताना सुळगा, उचगाव फाटा, बाची, की लगेच महाराष्ट्र. सायकलला मोटर बसवायचं डोक्यात आलं ते गुडघ्यामुळं, डॉक्टर म्हणाले सायकल चालवा, खरं चढाला जोर लावू नका. हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं हा प्रश्न घेऊन मी दीड वर्ष मोटरींच्या मागं होतो. हे लिहितोय ते त्या दीड वर्षाबद्दल, कारण आमच्याकडं शिनोळीला आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत येणारी कितीतरी पोरं आता मला थांबवून विचारतात की ओ काका, कुठली मोटर, किती वॅट, आणि मला रस्त्यात उभं राहून दोन मिनिटांत सांगता येत नाही.

पहिली मोटर मी चुकीची घेतली. आकडा बघून घेतली, हजार वॅट. सेकंडहँड मिळाली, मागच्या चाकात बसवलेली, मोठं थाळीएवढं हब, म्हणजे चाकाच्या मधला डबा. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात त्या जातीची, म्हणजे आत गिअर नाहीत, मधला ऍक्सल तारांच्या गुंडाळ्यांसकट स्थिर आणि भोवतीचं लोहचुंबकांचं कडं चाकासकट फिरतं. चालते एकदम गुपचूप, आवाज नाही, झिजायला आत बेअरिंगशिवाय काही नाही. मी ती आप्पांच्या जुन्या काळ्या सायकललाच लावली, मनात एक होतं की ती सायकल परत रस्त्यावर यावी. आणि पळायची! बाचीच्या सपाटीला मोटरसायकलवाले वळून बघायचे.

मग जुलैत एका संध्याकाळी बॅटरी संपली. भर पावसात, घर पाच किलोमीटर लांब. तेव्हा कळलं डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे काय ते. मोटर बंद असली तरी ती चुंबकं आतल्या लोखंडाला ओढतच राहतात, पायडल मारताना चाक कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं, वर मोटरच सहा किलोची, वर ती सायकल मुळात एकाच गिअरची. पुलाच्या वरच्या चढाला मी उतरलो. आप्पा उतरायचे त्याच जागेच्या आसपास, आणि मला ढकलायला मागं कुणी नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांत ऍक्सल फिरला. हे नीट सांगतो कारण ह्यात माणूस पडू शकतो. हब मोटर चाकाला जेवढा जोर पुढं लावते तेवढाच जोर तिचा ऍक्सल उलट्या दिशेनं चिमट्याच्या खाचेवर लावतो. साध्या सायकलच्या ऍक्सलला हा भार कधीच नसतो, त्यामुळं खाच तेवढ्या तयारीची नसते. नट थोडा ढिला पडला, ऍक्सल खाचेत गरकन फिरला, आणि ऍक्सलमधनं बाहेर येणारी वायर पिळून तुटली. मी सपाटीला होतो म्हणून निभावलं. ब्रेक लावताना बॅटरीत थोडी वीज परत पाठवणारी सोय असली तर हा जोर उलटसुलट दोन्ही बाजूंनी बसतो आणि नट आणखी लवकर ढिले होतात. त्यावर उपाय साधा आहे, टॉर्क आर्म, म्हणजे ऍक्सलच्या चपट्या बाजूंवर घट्ट बसणारी पोलादी पट्टी, जिचं दुसरं टोक फ्रेमला बांधायचं. पुढच्या सायकलला मी ती सहा मिलीमीटरच्या प्लेटमधनं स्वतः कापली, कानशीनं घासत घासत ऍक्सलवर अशी बसवली की हातानं हलू नये. मोटर कुठलीही घ्या, हब असेल तर ही पट्टी घ्याच, आणि पुढच्या चाकात हब बसवत असाल आणि चिमटा ॲल्युमिनियमचा असेल तर मी म्हणेन बसवूच नका, कारण पोलाद आधी वाकतं, ॲल्युमिनियम सरळ तुटतं, आणि पुढचं चाक निसटलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

खरं त्या हजार वॅटची दुसरी एक गोष्ट होती जी मी स्वतःला विचारलीच नव्हती. मी रोज राज्य ओलांडतो. इकडं केए २२, तिकडं एमएच ०९. आमच्या भागात १९५६ साली जी रेघ पडली तिच्याबद्दल प्रत्येक घरात काही ना काही बोललं जातं, ते इथं नको, खरं रोजच्या जाण्यायेण्यात ती रेघ म्हणजे गाडीच्या नंबरप्लेटचा प्रश्न. सायकलला नंबरप्लेट नसते. ती कुठल्याच राज्याची नसते, आणि ही मोकळीक मला फार मोलाची वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नियम २(यू) म्हणून आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की पायडलवाल्या सायकलला मदतीची मोटर असेल, तिची तीस मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल, आणि वेग वाढेल तसा तिचा जोर कमी होत जाऊन ताशी २५ किलोमीटरला, किंवा त्याआधी पायडल थांबलं तर तेव्हाच, ती बंद होत असेल, आणि ब्रेक, रिफ्लेक्टर, ठरवून दिलेल्या संस्थेची तपासणी ह्या अटीही पुऱ्या होत असतील, तर ती सायकल मोटार वाहन धरली जात नाही. म्हणजे माझी हजार वॅटची आप्पांची सायकल सायकल राहिलीच नव्हती. ती बिननंबरची, बिनविम्याची मोटरगाडी झाली होती आणि मी ती रोज दोन राज्यांतनं नेत होतो. एखादा माणूस मध्ये आला असता तर? हा विचार आल्यावर मी ती मोटर उतरवली, आणि परत लावली नाही.

त्या नियमातला 'तीस मिनिटांची पॉवर' हा शब्द मात्र समजून घेण्यासारखा आहे. मोटरवर लिहिलेले वॅट म्हणजे तिची ताकद असं आपण धरतो, तसं ते नसतं. ते तिच्या सहनशक्तीचं माप आहे, की एवढं काम तिनं अर्धा तास केलं तरी ती जळणार नाही. घटकाभर ती त्यापेक्षा जास्त जोर देऊ शकते. मग मला वाटलं, आपल्याला नेमका किती जोर पाहिजे हे आपण कधी मोजलंच नाही की! दुकानात आपण तराजूशिवाय साखर घेत नाही आणि मोटर मात्र अंदाजानं घेतली.

तर एका रविवारी जॉब कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. मी बहात्तर किलो, सायकल मोटर-बॅटरीसकट चोवीस, डबा आणि रेनकोट चार. शंभर किलो झाले. चढ सहा टक्के धरला, म्हणजे शंभर मीटर पुढं गेलं की सहा मीटर वर. आता शंभर किलोला सहा टक्क्यांचा चढ म्हणजे काय, तर कुणीतरी सहा किलोचं वजन दोरीनं बांधून तुम्हाला सतत मागं ओढतंय. एवढंच. आप्पांचं गणितही मी तिथंच केलं, ते, सायकल, दूध आणि कॅन मिळून एकशेतीस किलो तरी होत असणार, म्हणजे जवळजवळ आठ किलोची ओढ, आणि गिअर एकच. त्यांचं उतरणं त्या आकड्यात दिसलं मला.

तर सहा किलोची ओढ घेऊन ताशी बारा किलोमीटरनं वर जायला लागतात सुमारे दोनशे वॅट, टायरची घासण धरून दोनशे वीस. त्यातले ऐंशी-नव्वद मी देतो, तेवढे माझ्या वयाचा माणूस दम न लागता देऊ शकतो आणि गुडघाही कुरकुरत नाही. राहिले एकशेतीस-चाळीस. म्हणजे मोटरकडनं चाकाला पाहिजे एवढंच! मी कागदाकडं बघत बसलो. हजार वॅट घेऊन मी फक्त सपाटीला पळत होतो, आणि सपाटीला मला मदत नकोच होती.

इथनं पुढं माझी निवडायची पद्धतच बदलली. वाट बारा किलोमीटरची असली तरी मोटर निवडायची ती त्यातल्या सगळ्यात हळू दोनशे-तीनशे मीटरसाठी, जिथं माणूस उतरतो तिथल्यासाठी. बाकीची वाट कुठलीही मोटर काढते.

आणि हळू जागेलाच मोटरींमधला फरक दिसतो. सव्वीस इंची चाक एका फेऱ्यात दोन मीटरपेक्षा थोडं जास्त अंतर जातं. ताशी २५ ला ते मिनिटाला दोनशे फेरे घेतं, ताशी आठला फक्त चौसष्ट. डायरेक्ट ड्राइव्ह मोटर चाकाइतकीच फिरते, त्यामुळं चढाला ती तिच्या सोयीच्या वेगापेक्षा फार हळू फिरत असते, आणि हळू फिरणाऱ्या मोटरला तेवढंच काम करायला जास्त जोर, म्हणजे जास्त करंट लागतो. मोटरचा जोर करंटच्या प्रमाणात वाढतो खरं तिची उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जोर दुप्पट मागितला की ताप चौपट. बॅटरीतनं गेलेल्या विजेतली निम्मी मग चढ चढायला जाते आणि निम्मी तारा तापवायला.

गिअरवाली हब मोटर ह्यावर आतल्या आत उपाय करते. बाहेरनं दिसायला लहान, वजनाला तीन किलोच्या आसपास. आत छोटी मोटर जोरात फिरते आणि मधल्या चाकाभोवती तीन लहान दातेरी चाकं, नायलॉनची, त्या फिरण्याचा वेग साधारण पाचपट कमी करून चाकाला देतात. म्हणजे चाक चौसष्ट फिरत असेल तेव्हा आतली मोटर तीनशेवर फिरत असते. शिवाय आत फ्रीव्हीलसारखा क्लच असतो, त्यामुळं मोटर बंद केली की ती आडवी येत नाही, सायकल सायकलसारखी पळते. जुलैतल्या त्या संध्याकाळनंतर मला हे एकच वाक्य पुरेसं होतं. ह्याच क्लचमुळं ब्रेक लावताना बॅटरीत वीज परत येत नाही, ते सोडून द्यायचं, आमच्या वाटेवर त्यातनं मिळालंच असतं किती? आणि नायलॉनचे गिअर काही वर्षांनी झिजतात, ते बदलता येतात, चार स्क्रू काढून ग्रीस भरून परत बसवायचं काम, आमच्या शॉपमधलं कुठलंही पोरगं करेल.

तिसरी जात म्हणजे मिड ड्राइव्ह, मोटर पायडलच्या ऍक्सलपाशी आणि जोर चेनमधनं. एक मजेची गोष्ट कळली, की हा चाकात का पायडलपाशी असा वाद सव्वाशे वर्षांपेक्षा जुना आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसानं १८९५ च्या डिसेंबरात मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटर असलेल्या सायकलचं पेटंट घेतलं, आणि दोनच वर्षांनी १८९७ मध्ये होझिया लिबी ह्यानं मोटर क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या ऍक्सलपाशी घातली. नंतर जवळजवळ शतकभर हे सगळं बाजूला पडलं, आणि १९९३ मध्ये जपानमध्ये यामाहानं पायडलवर जोर पडेल तशी मदत करणारी सायकल विकायला काढली तेव्हापासून आताची ही लाट. आपण आज जे दोन पर्याय समोर ठेवून डोकं खाजवतो ते दोन्ही त्या लोकांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात मांडून ठेवले होते, मला हे वाचून त्या माणसांबद्दल फार आपुलकी वाटली.

मिड ड्राइव्हचं मोठं सुख हे की मोटर तुमच्या सायकलचे गिअर वापरते. चढ आला, मागचा मोठा गिअर टाकला, की मोटर तिच्या सोयीच्या वेगानं फिरत राहते, चाक कितीही हळू फिरू दे. आमचा एक मित्र जांबोटीकडचा आहे, त्याचा रस्ता सगळा डोंगराचा, एकेक चढ संपता संपत नाही. त्यानं बाफांग कंपनीची मिड ड्राइव्ह बसवली आणि त्याच्यासाठी तीच बरोबर आहे, कारण चढ किती उभा आहे यापेक्षा तो किती लांब आहे हे मोटरला जास्त कळतं. दोन मिनिटांचा उभा चढ गिअरवाल्या हबला काहीच नाही, आतलं तांबं आणि लोखंड तापायच्या आत तो संपतो. तोच चढ वीस मिनिटं चालला की हबच्या आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते, मोटर आणि बाहेरचं कवच ह्यांच्यात नुसती हवा, आणि ती आतल्या आत भाजत राहते. चोर्ल्याच्या घाटात रोज चढायचं असतं तर मीपण मिड ड्राइव्हच घेतली असती.

मी नाही घेतली, त्याचं कारण चेन. मिड ड्राइव्हमध्ये तुमच्या पायाचा आणि मोटरचा, दोन्ही जोर एकाच चेनवर येतात. गिअर बदलताना जोर क्षणभर सोडायला लागतो, नाहीतर दाते कडाकडा बोलतात. आणि आमच्याकडचा पावसाळा! जूनपासनं चार महिने रस्त्यावर तांबडी माती वाहून आलेली असते, ती चेनमध्ये जाऊन कानशीसारखं काम करते. चेन तुटली की मोटरपण गेली आणि पायडलपण गेलं, रात्री आठला सुळग्याच्या अलीकडं उभं राहायचं. हब मोटरमध्ये चेन तुटली तरी मोटर घरी आणते, मोटर गेली तरी चेन घरी आणते. नोकरीला रोज जाणाऱ्या माणसाला घरी यायचे दोन वेगवेगळे रस्ते पाहिजेत, हे माझं मत आहे आणि त्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. आणि ज्यांची सायकल एकाच गिअरची आहे त्यांनी मिड ड्राइव्हचा विचार सोडूनच द्यावा, गिअरच नाहीत तर ती वापरणार काय?

तेव्हा आप्पांची काळी सायकल पुसून, तेल घालून परत पडवीत ठेवली, आणि पुतण्याची पडून असलेली एकवीस गिअरची सायकल घेतली. पोलादी फ्रेम, मागं ऍक्सलची जागा १३५ मिलीमीटर, आट्याचं फ्रीव्हील, म्हणजे बाजारातली ३६ व्होल्टची, अडीचशे वॅटच्या आतली मागची गिअरवाली हब सरळ बसते. चाक तारा भरूनच आलं होतं, तरी खडेबाजारातल्या आमच्या सायकलवाल्या मामांकडं नेलं. त्यांनी चाक उलट्या सायकलवर फिरवून कान लावला, तारा एकेक वाजवून बघितल्या, आऊट काढला. मराठीत सुरुवात करून मध्येच कन्नडमध्ये जाऊन परत मराठीत आले, आणि म्हणाले, "मोटर तुमची तुम्ही बघा, चाक माझं." मला तो शब्द फार आवडला. कुठलीही सिस्टीम घेताना मी आता हे बघतो, की त्यातला किती भाग आपल्या गावातली माणसं 'माझं' म्हणून हातात घेतील.

आता सेन्सर. ह्याच्यावर कुणी बोलत नाही आणि माझ्या मते निम्मी निवड हीच आहे. मोटरला कसं कळणार की आता मदत पाहिजे? स्वस्त किटमध्ये कॅडन्स सेन्सर असतो, पायडलच्या ऍक्सलवर चुंबकांची चकती, पायडल फिरतंय का नाही एवढंच त्याला समजतं. तुम्ही जीव तोडून मारताय का नुसतं फिरवताय, त्याला सारखंच. त्यामुळं चढाला सुरुवात करताना, जिथं मदत सगळ्यात जास्त पाहिजे तिथं, आधी पाव-अर्धा फेरा तुम्हालाच ओढायला लागतो, मग मोटर एकदम झटका देऊन लागते. पाय थांबवला तरी क्षणभर ढकलतच राहते, म्हणून त्याबरोबर ब्रेक लिव्हरमध्ये मोटर तोडणारा स्विच पाहिजेच पाहिजे. दुसरा टॉर्क सेन्सर, तो पायडलवर किती भार पडतोय ते मोजतो आणि त्या प्रमाणात मोटरला सोडतो. हलका पाय तर हलकी मदत, जड पाय तर जास्त.

महाग पडतो तो, आणि पायडलचा जुना ऍक्सल आणि कप काढून त्याजागी तो बसवायला लागतो. मी तीन आठवडे ठरवत होतो, पैसे खर्च करावे का नको. मग एकदा पुलावरनं वर येताना, मोटर नसलेल्या सायकलवर, मला आठवलं की मी कॅरिअरला हात लावायचो तेव्हा मला कसं कळायचं किती ढकलायचं ते. आप्पा काही बोलायचे नाहीत. हातालाच कळायचं. त्यांची ओढ कमी झाली की कॅरिअर जड लागायचं आणि मी जास्त लावायचो, त्यांनी जोर धरला की हलकं व्हायचं. एकदा मी उत्साहात फार जोरात ढकललं, हँडल वाकडं झालं आणि कॅनचं झाकण उडून दूध सांडलं. आप्पा रागावले नाहीत, म्हणाले, "मी लावतो तेवढंच लाव. त्येच्यापरास जास्त न्हाई." मी दुसऱ्या दिवशी टॉर्क सेन्सरचे पैसे भरले.

बॅटरीबद्दल थोडक्यातच. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर, म्हणजे ३६० वॅट-अवर. पाय चालवत गेलं तर किलोमीटरला दहा वॅट-अवरच्या आसपास जातात, चोवीस किलोमीटरचे अडीचशे, वर वारा, पाऊस आणि बॅटरीचं म्हातारपण ह्यासाठी शिल्लक. दोन अँपिअरच्या चार्जरवर पाच तास, आणि अख्खी भरायला विजेचं अर्धं युनिटसुद्धा लागत नाही. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून बांधलेली बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, सगळे सेल एका वयाचे नसले की त्यातला सर्वात कमजोर सेल बाकीच्यांना घेऊन बुडतो, आणि लिथियमची आग पाण्यानं सहज विझत नाही. चार्जिंग झोपायच्या खोलीत नको, जिन्याखाली नको, माणूस जागा असताना करा.

पावसासाठी एकच गोष्ट सांगतो. मोटरची वायर ऍक्सलमधनं बाहेर येते तिथं तिला आधी खाली झोळ द्यायचा आणि मग वर न्यायची. पाणी वायरवरनं ओघळत येतं, झोळ असला की ते खालच्या टोकाला थेंब होऊन पडतं, नसला की सरळ मोटरच्या आत. विहिरीवरच्या मोटरीला वायर ओढणाऱ्या प्रत्येक माणसाला हे माहीत आहे. किटबरोबर थ्रॉटलही आलं होतं, मूठ पिळली की पायडल न मारता पळणारं. ते मी लावलं नाही, ड्रॉवरमध्ये आहे. नियमातल्या पायडलवाल्या सायकलच्या अटीत ते बसत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे मला पाय हलवायचेच होते, त्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

आता वर्ष होत आलं. सकाळी रताळ्याचे ट्रॅक्टर भेटतात, उसाच्या दिवसांत ट्रॉल्या, त्यांच्या मागं ताशी दहानंच जायला लागतं आणि तेव्हा मोटर आहे हे मी विसरून जातो. आठवते ती संध्याकाळी, पूल आल्यावर. मी मधला गिअर टाकतो, पाय नेहमीसारखा ठेवतो, ती जागा येते आणि कुणीतरी मागनं हात लावल्यासारखं होतं. झटका नाही. बारीक गुणगुण येते आतल्या गिअरांची, जेमतेम ऐकू येईल एवढी, आणि मी वर आलेलो असतो.

आप्पा आमच्याकडंच असतात, ऐंशीला टेकलेत. सुरुवातीला ते ह्या सगळ्यापासनं लांब होते, त्यांच्या सायकलवरनं ती थाळीएवढी मोटर उतरवली तेव्हा त्यांना बरंच वाटलं असणार. नवीन सायकल आल्यावर मात्र रोज संध्याकाळी मी आलो की ते खुर्चीतनं उठून येतात आणि मागच्या हबवर तळहात ठेवतात. दूध आंबलंय का बघायला कॅनला हात लावायचे तसाच. "आज कोमट हाय," म्हणतात. एकदा मी दळणाचं पोतं घेऊन आलो होतो त्या दिवशी म्हणाले, "आज जास्ती तापलंय की रे, काय आणलास?" हात अजून खोटं सांगत नाही त्यांचा.

परवा रविवारी मी सायकल धुऊन स्टँडवर लावली होती. आप्पा आले, पायडल हातानं अर्धा फेरा फिरवून बघितलं. काही झालं नाही, म्हणून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आप्पा, जोर लागला पाहिजे, नुसतं फिरवून न्हाई कळत तिला." मग मी मागचा ब्रेक हलका धरला आणि त्यांना म्हटलं आता दाबा. त्यांनी दोन्ही हातांनी पायडल दाबलं, आणि मोटर लागली. त्यांनी हात काढला, ती थांबली. परत दाबलं, परत लागली. असं चार-पाच वेळा केलं.

मग उभे राहिले, सायकलभोवती एक फेरी मारली, हँडलला हात लावून फाटकातनं बाहेर रस्त्याकडं बघितलं. दुपारची वेळ, रस्ता मोकळा होता.

"सीट जरा खाली कर बघू," म्हणाले.